सैन्यातून निवृत्तीनंतर जागतिक व्यापार आणि लॉजिस्टिक्समध्ये करिअर: गोदामाच्या गेटवर की गेटच्या आत?

सैन्यातला जवान साधारण पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान घरी परत येतो. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी झालेली असते, पेन्शन सुरू होते, पण मुलं अजून शाळेत असतात आणि घराचे हप्ते संपलेले नसतात. पुढची वीस-पंचवीस वर्षं कमवायचीच असतात. अशा वेळी समोर येणारी पहिली नोकरी बहुतेकदा सिक्युरिटी गार्डची असते. उरण, पनवेल, भिवंडी, चाकण या पट्ट्यातल्या गोदामांच्या गेटवर सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडचे कितीतरी माजी सैनिक रजिस्टर घेऊन बसलेले दिसतात. गाडी आली, नंबर लिहिला, सील तपासलं, गाडी आत सोडली.

गार्डची नोकरी कमी दर्जाची आहे असं इथे म्हणायचं नाही. पण त्या गेटच्या आत जे काम चालतं, म्हणजे माल उतरवणं, मोजणं, साठवणं, कागद तयार करणं, वेळेत गाड्या लावणं, ते यातल्या अनेकांनी सैन्यात दहा-पंधरा वर्षं केलेलं असतं. फक्त तिथे त्याला ‘राशन’, ‘इंडेंट’, ‘कॉन्व्हॉय’ म्हणत होते आणि इथे ‘इन्व्हेंटरी’, ‘पर्चेस ऑर्डर’, ‘डिस्पॅच’ म्हणतात. गेटवरून आत जायचा रस्ता कसा आहे, त्यासाठी काय शिकावं लागतं आणि कुठे फसायला होतं, ते पाहू.

सैन्य आणि कंटेनर: नातं जुनं आहे

आज जगाचा बहुतांश तयार माल ज्या लोखंडी पेट्यांतून फिरतो, त्या कंटेनरची व्यापारी सुरुवात माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रक व्यावसायिकाने केली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. पण ही पेटी पॅसिफिक महासागर ओलांडून आशियात पोहोचली ती व्हिएतनाम युद्धामुळे. अमेरिकी सैन्याचा माल व्हिएतनामच्या बंदरांवर तुंबला होता, जहाजं आठवडेच्या आठवडे उभी होती. मॅक्लीनच्या कंपनीला १९६७ मध्ये कंटेनरने पुरवठ्याचं कंत्राट मिळालं आणि कोंडी सुटू लागली. परतीला पेट्या रिकाम्या येत होत्या. त्यात भरायला माल हवा म्हणून जहाजं जपानमध्ये थांबू लागली आणि जपानी वस्तू अमेरिकेत स्वस्तात पोहोचायला लागल्या. म्हणजे आजच्या जागतिक व्यापाराचा एक धागा थेट सैन्याच्या पुरवठ्यातून निघतो.

माणसांच्या बाबतीतही तसंच. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याचा सगळा पुरवठा सांभाळणारे लेफ्टनंट जनरल गस पॅगोनिस निवृत्तीनंतर १९९३ मध्ये सीअर्स या मोठ्या किरकोळ विक्री कंपनीत लॉजिस्टिक्सचे प्रमुख झाले. त्यांची एक सवय प्रसिद्ध आहे: कोणालाही काही अडचण सांगायची असेल तर ती ३ बाय ५ इंचाच्या छोट्या कार्डावर लिहून पाठवायची. फेडेक्सचे संस्थापक फ्रेड स्मिथ हे अमेरिकी मरीन कोअरमधून व्हिएतनाममध्ये लढून आले होते. त्यांच्या कंपनीने एप्रिल १९७३ मध्ये १४ विमानांनिशी सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या रात्री पोहोचवलेली पाकिटं होती फक्त १८६.

आपल्याकडचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. एअर डेक्कनमुळे घराघरांत माहीत झालेले कॅप्टन गोपीनाथ हे माजी सेनाधिकारी. त्यांनी २००९ मध्ये ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहतूक कंपनी काढली आणि ती काही वर्षांतच बंद पडली. अनुभव, नाव, ओळखी सगळं होतं. तरीही या धंद्यात रोजचा खर्च रोजच्या मालातून निघाला नाही तर काहीच टिकत नाही. यशाच्या गोष्टी सांगणारे व्हिडिओ भरपूर मिळतात, त्यामुळे ही गोष्ट मुद्दाम इथे सांगितली.

एक कंटेनर नेमका जातो कसा?

लॉजिस्टिक्स म्हणजे ट्रक आणि गोदाम, असा समज असतो. निफाडच्या द्राक्षांचा एक कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जातोय असं धरू. त्याच्या मागे किती हात लागतात ते पाहिलं की नोकऱ्या कुठे आहेत हे आपोआप कळतं.

द्राक्ष बागेतून पॅकहाउसमध्ये येतं. बाग अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेली असावी लागते, कारण युरोपीय देश औषधांच्या अंशाबाबत कडक आहेत आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत मागोवा घेता यावा लागतो. मालाला रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. मग वातानुकूलित कंटेनर, ज्याला सगळे ‘रीफर’ म्हणतात, तो मागवला जातो. आतलं तापमान शून्य अंशाच्या आसपास धरायचं असतं. वाटेत जनरेटर बंद पडला आणि चार तास कोणाच्या लक्षात आलं नाही, तर लाखोंचा माल गेला.

दुसरीकडे कागदांचं काम चालू असतं. निर्यातदाराचा कस्टम्स ब्रोकर आइसगेट या सरकारी पोर्टलवर शिपिंग बिल दाखल करतो. कस्टम्सने मंजुरी दिली की ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ मिळते, बोलीभाषेत ‘एलईओ’. कंटेनरचं भरलेल्या मालासकट खरं वजन जाहीर करावं लागतं. त्याला ‘व्हीजीएम’ म्हणतात आणि १ जुलै २०१६ पासून तो आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण चुकीच्या वजनामुळे जहाजाचा तोल जाऊ शकतो. न्हावा शेवाच्या बंदरात शिरायला फॉर्म १३ लागतो. जहाजाची ‘कट-ऑफ’ वेळ ठरलेली असते. ती चुकली तर कंटेनर पुढच्या जहाजाची वाट पाहत उभा.

माल जहाजावर चढला की शिपिंग लाइन ‘बिल ऑफ लेडिंग’ देते. हा साधा पावतीचा कागद नव्हे. ज्याच्या हातात मूळ बिल ऑफ लेडिंग, त्याचा मालावर हक्क. व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर असेल तर बँक माल बघतच नाही, ती फक्त कागद बघते. खरेदीदाराच्या नावातलं एक अक्षर चुकलं, जहाज सुटल्याची तारीख एका दिवसाने पुढे गेली, तरी बँक पैसे अडवू शकते.

त्यात जगाच्या घडामोडी. नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला हे दिवस परवडत नाहीत. अशा वेळी भाडं, विमा, पर्यायी मार्ग, गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर हे सगळं एकाच दिवशी ठरवणारा माणूस लागतो. वाटेतला पूल गेला तर कॉन्व्हॉय कुठून काढायचा हे ज्याने ठरवलंय, त्याला हा ताण नवा नाही.

आयातीकडे घड्याळ आणखी कडक. जहाज बंदरात पोहोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल करणं २०२१ पासून सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये शुल्क. शिवाय माल बंदरात पडून राहिला तर ‘डेमरेज’ आणि शिपिंग लाइनचा कंटेनर वेळेत परत केला नाही तर ‘डिटेन्शन’. नवशिक्यांचा या दोन शब्दांत हमखास घोळ होतो: पहिला आकार जागेचा, दुसरा पेटीचा. मुलाखतीत हा प्रश्न आवर्जून विचारतात.

तुमचा ट्रेड कोणता होता?

बायोडेटात ‘१७ वर्षं सैन्यसेवा, शिस्तप्रिय, प्रामाणिक’ एवढंच लिहिलं तर कंपनीच्या एचआरला काही कळत नाही, आणि ती गार्डचीच नोकरी देते. ट्रेड काय होता ते नागरी भाषेत सांगावं लागतं.

आर्मी सर्व्हिस कोअर म्हणजे एएससीवाल्यांनी राशन, इंधन आणि वाहतूक सांभाळलेली असते. त्यांना ताफ्याचं व्यवस्थापन, गोदाम, शीतसाखळी ही कामं जवळची. ऑर्डनन्स कोअरचे लोक साठ्याचे पक्के. देहूरोड, कांदिवली इथल्या डेपोंत किंवा वर्ध्याजवळ पुलगावच्या दारूगोळा भांडारात काम केलेल्या माणसाला हजारो वस्तूंचा हिशेब, जुना माल आधी काढायची पद्धत, वार्षिक स्टॉक मोजणी हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. ईएमईच्या तंत्रज्ञांना क्रेन, रीच स्टॅकर, फोर्कलिफ्ट, रीफरच्या देखभालीत जागा आहे. नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेचं प्रशिक्षण तर मुंबईतच, मालाडजवळच्या आयएनएस हमलामध्ये होतं. जहाजाचं पोट कसं भरतात हे त्यांना सांगावं लागत नाही. हवाई दलाच्या लोकांना एअर कार्गोमध्ये वजन-तोल, पॅलेट, सुरक्षा तपासणी हे ओळखीचं वाटेल.

एक क्षेत्र मला विशेष महत्त्वाचं वाटतं आणि त्याकडे फार कमी माजी सैनिक वळतात: धोकादायक माल. रसायनं, बॅटऱ्या, रंग, गॅस यांची समुद्री वाहतूक ‘आयएमडीजी’ या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार चालते. त्यात मालाचे नऊ वर्ग आहेत आणि पहिलाच वर्ग स्फोटकांचा. कोणता माल कोणाशेजारी ठेवायचा नाही, पेटीवर कोणतं लेबल लावायचं, आग लागली तर काय करायचं हे त्यात ठरलेलं असतं. ज्याने दारूगोळा हाताळलाय त्याला या नियमांमागचं कारण समजावून सांगावं लागत नाही. रस्त्याने असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरलाही मोटार वाहन नियमांनुसार तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते.

पायदळातल्या, म्हणजे कुठलाच ‘पुरवठ्याचा’ ट्रेड नसलेल्या जवानाचं काय? कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार म्हणून काम केलं असेल, कोत सांभाळला असेल, एमटी प्लाटूनमध्ये असाल, तर तेच पुढे करा. काहीच नसेल तर यार्ड सुपरवायझर, वाहतूक नियंत्रण, शिफ्ट इनचार्ज अशा जागांपासून सुरुवात होते. माणसं सांभाळता येणं हे या धंद्यात दुर्मीळ कौशल्य आहे. रात्रपाळीत ४० हमाल, १२ ट्रक आणि पाऊस असं गणित असतं तेव्हा एमबीएचा उपयोग कमी होतो.

सैन्यात नसलेली गोष्ट: पैसा

इथे बहुतेकांना ठेच लागते. सैन्यात पुरवठ्याचं यश एकाच प्रश्नावर मोजतात: माल पोस्टवर वेळेत पोहोचला का? खर्चाचा हिशेब असतो, पण चौकीवर रॉकेल पोहोचवायचं तर हेलिकॉप्टरही जातं. व्यापारात उलट आहे. माल दोन दिवस उशिरा पोहोचला तर चालेल, पण किलोमागे दोन रुपये वाचले पाहिजेत, असं गिऱ्हाईक सांगू शकतं. ‘कामगिरी फत्ते’ म्हणून जादा गाडी लावली आणि मालकाने बिल पाहून डोक्याला हात लावला, असं होतं.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे मालाची मालकी आणि जोखीम. सैन्यात सगळा माल सरकारचा. व्यापारात समुद्रात बुडालेला माल कोणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? त्यासाठी ‘इन्कोटर्म्स’ नावाचे ठरलेले शब्द आहेत, सध्याची आवृत्ती २०२० ची. ‘एफओबी न्हावा शेवा’ म्हटलं की माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, त्यानंतरची घेणाऱ्याची. ‘सीआयएफ रॉटरडॅम’मध्ये विकणारा रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, पण जोखीम मात्र न्हावा शेवालाच, माल जहाजावर चढताच, घेणाऱ्याकडे गेलेली असते. पैसे एक भरतो आणि धोका दुसऱ्याचा, हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं. अकराच संज्ञा आहेत. एक आठवडा द्या, आयुष्यभर उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट हुकमाची. सैन्यात वरून आदेश आला की विषय संपला. इथे तुमचा साहेब, गिऱ्हाईक, शिपिंग लाइन, ट्रकमालक, कस्टम्स अधिकारी आणि माथाडी टोळीचा मुकादम, कोणीच कोणाच्या हुकमात नसतो. सगळ्यांकडून गोड बोलून काम काढायचं असतं. सुभेदार साहेबांना पंचविशीतल्या मॅनेजरला ‘सर’ म्हणावं लागतं, हेही खरं. पहिली नोकरी सोडणारे बरेच जण पगारापेक्षा या कारणाने सोडतात.

कस्टम्सची कार्डं: एच, जी आणि एफ

आयात-निर्यातीत पाय रोवायचा सगळ्यात ठोस मार्ग कस्टम्स ब्रोकरच्या कामातून जातो. जुने लोक अजूनही त्याला ‘सीएचए’ म्हणतात. हे काम २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर परवाना नियमावलीनुसार चालतं आणि त्यात तीन पायऱ्या आहेत.

ब्रोकरच्या फर्ममध्ये लागलेल्या, किमान बारावी झालेल्या कर्मचाऱ्याला कस्टम्सच्या मंजुरीने एच कार्ड मिळतं. त्यावर बंदरात, सीएफएसमध्ये ये-जा करून मदतनिसाचं काम करता येतं. विभागाची परीक्षा पास झाल्यावर जी कार्ड. मग फर्मच्या वतीने कागदांवर सही करता येते आणि पगारातही फरक पडतो. सर्वांत वर एफ कार्ड, म्हणजे स्वतःचा परवाना काढण्याची पात्रता. त्यासाठी पदवी हवी, आणि त्यासोबत एमबीए किंवा कायद्यासारखी व्यावसायिक पदवी नाहीतर जी कार्डधारक म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव. परीक्षा लेखी आणि तोंडी अशी दोन टप्प्यांत होते आणि ती अवघड मानली जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला काही सरकारी गट-क पदांसाठी पदवीधर समजलं जातं. ती सवलत त्या नोकऱ्यांपुरती आहे. तिच्यावर एफ परीक्षेला बसता येईल असं धरून चालू नका. इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून सेवेत असतानाच पदवी पूर्ण केली तर पुढची बरीच दारं उघडतात.

ब्रोकरच्या कामाचा कणा म्हणजे मालाचं वर्गीकरण. प्रत्येक वस्तूला एचएस कोड असतो. पहिले सहा अंक जगभर सारखे, भारतात ते आठ अंकी होतात. कोड चुकला तर कर चुकतो आणि मग नोटीस येते. सैन्यात पार्ट नंबर आणि कॅटलॉगमध्ये डोकं घातलेल्या ऑर्डनन्सच्या क्लार्कला हे काम आवडतं असं पाहण्यात आहे.

शिकायचं कुठे?

पहिला थांबा संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर. निवृत्तीच्या आधीच्या काळात डीजीआरमार्फत वेगवेगळ्या संस्थांत पुनर्वसन प्रशिक्षण मिळतं. जेसीओ आणि जवानांसाठीचे अभ्यासक्रम आहेत, अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापन संस्थांमधले काही महिन्यांचे आहेत, त्यात सप्लाय चेनचेही असतात. युनिटमधून नाव जायला हवं, आणि तिथेच माशी शिंकते: शेवटच्या वर्षात रजा, मेडिकल, पेन्शनचे कागद यांच्या गडबडीत कोर्स राहून जातो. नोकरीसाठी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन आहे. नौदल आणि हवाई दलाच्या स्वतंत्र प्लेसमेंट संस्था आहेत. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि मेस्को हे महामंडळ. मात्र तिथे नाव नोंदवताना ‘सुरक्षा रक्षक’ याच रकान्यावर खूण करून येऊ नका. गोदाम, वाहतूक, साठा नियंत्रण असं स्पष्ट लिहा.

बाहेरच्या कोर्सेसचा बाजार मोठा आहे. कोर्स निवडताना एक सोपी कसोटी लावा: हा कोर्स केल्याने कायद्याने किंवा उद्योगात मान्य असलेली काही पात्रता मिळते का? धोकादायक मालाचं आयाटा किंवा आयएमडीजी प्रशिक्षण, फोर्कलिफ्ट ऑपरेटरचं प्रमाणपत्र, फिआटाचा फ्रेट फॉरवर्डिंग डिप्लोमा यांना उत्तर ‘हो’ येतं. ‘१००% जॉब गॅरंटी, पोर्ट मॅनेजमेंट, तीन महिने, दीड लाख’ अशा जाहिरातीला उत्तर येत नाही. एक्सेल मात्र फुकट शिकता येतं आणि पहिल्या नोकरीत त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

पैसा कुठे अडकतो

निवृत्तीच्या वेळी हातात ग्रॅच्युइटी, भविष्य निधी आणि पेन्शन विकून मिळालेली रक्कम एकदम येते. सैन्यात पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो आणि तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो. म्हणजे हातात आलेले हे पैसे पुढच्या १५ वर्षांच्या उत्पन्नातून आगाऊ घेतलेले आहेत. गावात ही बातमी लपत नाही आणि सल्लागार दारात येतात.

सर्वांत धोकादायक प्रस्ताव दिसायला सर्वांत सोपा असतो. ‘तुम्ही फौजी, तुमचं नाव स्वच्छ. तुमच्या नावावर आयईसी काढू, माल आमचा, तुम्हाला प्रत्येक कंटेनरमागे कमिशन.’ आयईसी म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालय देतं तो आयातदार-निर्यातदार क्रमांक. पॅनवर निघतो, ऑनलाइन, सरकारी फी ५०० रुपये. इतका सहज निघतो म्हणूनच तो दुसऱ्याला वापरायला देणं सोपं वाटतं. पण कागदोपत्री आयातदार तुम्ही असता. त्या कंटेनरमध्ये जाहीर केलेल्या मालाऐवजी सिगारेट, सोनं किंवा अमली पदार्थ निघाले तर समन्स तुमच्या नावाने येतं, दंड तुमच्यावर लागतो, अटकही होऊ शकते. माल ज्याचा होता तो तोपर्यंत फोन बंद करून बसलेला असतो. कितीही ओळखीचा माणूस असला तरी आयईसी, पॅन, डिजिटल सही आणि ओटीपी कोणाला देऊ नका. ब्रोकरकडे नोकरीला असाल तरी न पाहिलेल्या मालाच्या कागदावर सही करू नका. गिऱ्हाइकाची ओळख आणि पत्ता खरा आहे का हे तपासण्याची जबाबदारी नियमानेच ब्रोकरवर आहे.

ट्रक घेण्याचा मोह दुसरा. स्वतःची गाडी, न्हावा शेवा ते चाकण फेऱ्या, महिन्याचा हिशेब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात बंदराबाहेरच्या रांगेत गेलेले दिवस, रिकामा परतीचा फेरा, टायर, आणि ९० दिवसांनी येणारं भाडं यांचा हिशेब त्यात नसतो. आधी एखाद्या वाहतूकदाराकडे वर्षभर नोकरी करा आणि मग ठरवा, असं मी सांगेन.

आखातात जायचं असेल तर दुबईच्या जेबेल अलीसारख्या बंदरांत आणि आसपासच्या गोदामांत भारतीयांना मागणी असते. पण एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते आधी पाहा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. त्याहून जास्त मागणारा, किंवा व्हिजिट व्हिसावर पाठवून ‘तिथे बदलून घेऊ’ म्हणणारा, टाळावा. वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना पहिल्या वर्षात खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागू शकते. तो नियमही आधी तपासावा.

अग्निवीरांचं गणित वेगळं

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. योजनेनुसार २५ टक्क्यांपर्यंत जणांना पुढे नियमित सेवेत घेतलं जातं. बाकीचे वयाच्या २१ ते २५ च्या आसपास बाहेर येतात, सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन, पण पेन्शनशिवाय. योजनेच्या अटींत माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या बऱ्याच सोयी त्यांना तशाच लागू होतील असं समजू नये.

पण त्यांच्याकडे वय आहे. बाविसाव्या वर्षी एच कार्डवर सुरुवात करणाऱ्याला सोबत पदवी पूर्ण करून पंचविशी-सव्विशीत जी कार्डपर्यंत आणि तिशीच्या आत एफ परीक्षेपर्यंत पोहोचता येतं. चाळिशीच्या हवालदाराला हा वेळ नाही, त्याला अनुभवाच्या जोरावर सुपरवायझरच्या जागेवरून आत शिरावं लागतं. दोघांचे रस्ते वेगळे आहेत आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला लावून चालत नाही.

कामाची मागणी कुठे वाढतेय?

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. २०२४-२५ मध्ये तिथे ७० लाखांहून जास्त टीईयू, म्हणजे २० फुटी कंटेनरच्या हिशेबाने मोजलेल्या पेट्या, हाताळल्या गेल्या. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६,००० कोटींचा हा प्रकल्प असून स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध आहे. तिथली नोकरी उद्या मिळणार नाही, काही वर्षं जातील. सध्याच्या जागा न्हावा शेवाभोवतीच्या सीएफएसमध्ये, भिवंडी आणि चाकणच्या गोदामांत, नागपूर-वर्धा परिसरातल्या अंतर्देशीय डेपोंत आणि मुंबईच्या एअर कार्गोत आहेत. पहिला पगार बहुतेकदा निराश करतो. गार्डच्या पगारापेक्षा तो फार जास्त नसतो, काही वेळा ओव्हरटाइम धरून कमीही भरतो. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो, आणि पेन्शन असल्यामुळे तोपर्यंत थांबणं माजी सैनिकाला इतरांपेक्षा सोपं जातं.

बाहेर पडण्याआधी हाताशी ठेवायचे कागद

डिस्चार्ज बुकमधलं नाव, जन्मतारीख आणि आधार-पॅनवरची माहिती तंतोतंत जुळते का ते युनिटमध्ये असतानाच पाहा. नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारात महिने जातात. तुमच्या ट्रेडला नागरी कामात कोणता समकक्ष ट्रेड आहे त्याचं प्रमाणपत्र घ्या. अवजड वाहन चालवत असाल तर सैन्यातल्या परवान्याच्या आधारे आरटीओचा नागरी परवाना काढून घ्या. सेवेत केलेल्या प्रत्येक कोर्सची प्रत ठेवा, अगदी दोन आठवड्यांच्या अग्निशमन प्रशिक्षणाचीसुद्धा. सीएफएसच्या मुलाखतीत तीच उपयोगी पडते.

बायोडेटात आकडे द्या, पण ठिकाणं आणि युनिटच्या हालचाली देऊ नका. ‘८०० माणसांच्या राशनचा साठा आणि मासिक हिशेब’, ‘३० अवजड वाहनांच्या ताफ्याची देखभाल’, ‘तीन वार्षिक तपासण्यांत साठ्यात तफावत नाही’ असं, आणि अर्थात जे खरं असेल तेच. सीमेवर कुठे होतात, काय साठा होता, कोणत्या मार्गाने नेला, हे कंपनीला सांगायचं नसतं आणि सोशल मीडियावरच्या प्रोफाइलवर तर अजिबात नाही. मुलाखत घेणाऱ्याने उत्सुकतेने विचारलं तरी ‘ते सांगता येणार नाही, सर’ एवढं उत्तर पुरतं.